डावा दांडा

४ ऑक्टोबर

आई एकदा म्हणाली होती, दोन्ही हात कामात असले की माणसाच्या हातून वाईट होत नाही. तेव्हा मी तिच्यासमोर चादरीचं एक टोक धरून पिळत होते आणि मनातल्या मनात बहिणीचा गळा पिळत होते, म्हणून ते वाक्य काही पटलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं, ते शेडमधल्या यंत्रामुळे.

पण आधी घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधोमध लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी, तिचं धुरांडं थेट छतातून वर गेलेलं. खिडकीबाहेर झाडंच झाडं. सामान लावता लावता कमरेचा काटा ढिला झाला, तरी मी खूश आहे. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून नवरा वर्षभर हूं नाही की चूं नाही. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात सगळी उमेद घातलेला माणूस, त्याला घरी बसवलं आणि तोंडाला कुलूपच लागलं. इथे थंडी फार, रोज लाकूड लागणार, आणि डॉक्टरांनी तर कुऱ्हाडीला हात लावायचा नाही असं बजावलेलं. म्हणून आधीच्या मालकाने मागे सोडलेलं लाकूड फोडायचं यंत्र दिसलं तेव्हा मला हायसं वाटलं.

माणसाएवढा उभा खांब. त्यावरून तेलाच्या दाबाने खाली उतरणारी पाचर. पायथ्याशी ओंडका उभा करायची लोखंडी बैठक. आणि दोन दांडे, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही एकदम दाबले तरच पाचर उतरते, एक जरी सुटला तरी थांबते. हे मुद्दाम केलेलं असतं, त्याने समजावलं, म्हणजे पाचरीखाली घालायला माणसाकडे हातच उरत नाही.

वर्षभरात तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. मी उलट्या बादलीवर बसून ऐकत राहिले.

७ ऑक्टोबर

यंत्र चालू झालं. दोरी ओढली की इंजिन खोकतं, मग लागतं. फुटायच्या आधी ओंडका जरासा कुरकुरतो, आणि मग आतलं पिवळं, ओलं अंग उघडं पडतं. त्या वासाने मला का कोण जाणे, भूक लागते.

ह्याला लगेच उणिवा दिसल्या. बैठक फार खाली, पाठ मोडते. दांड्यांना ओंडका धरून ठेवायचे पंजे असतात, ते कुणीतरी कापून टाकलेत, त्यामुळे तिरपा कापलेला ओंडका कलंडतो. मी दारातून सगळं बघत असते म्हणून मला मुकादम ही पदवी मिळाली आहे. मुकादम, नुसती देखरेख करू नका, चहाचंही बघा, म्हणाला. मी म्हटलं, कामगार कामचुकार असला की मुकादमाला हलता येत नाही. हसला! खरंच हसला.

बैठक उंच करायला खाली चौकट जोडायची ठरली. भोकांसाठी त्याने मापं घेऊन खुणा केल्या, रंग खरवडला, तर खुणेखाली आधीचंच भोक. पुट्टी भरून वरून रंग मारलेलं. चारही तशीच, बरोब्बर तिथेच. म्हणाला, आधीचा मालकही माझ्यासारखाच शहाणा होता म्हणायचा.

१३ ऑक्टोबर

पाचर दर वेळी पार वर जाऊन येते, त्यात वेळ जातो, म्हणून तिला मध्येच अडवणारी कडी लावली. मग पाचरीला आडवं पातं जोडलं, आता एका दाबात चार फाका. सगळं त्याने स्वतःच्या डोक्याने काढलेलं, रात्री उशाशी कागद घेऊन. आणि दर वेळी ड्रिल टेकवायचं, रंग खरवडायचा, आणि जुनं भोक आहेच. आता तो हसत नाही. बोटाने चाचपतो आणि मान डोलावतो, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.

नणंदेचा फोन आला. तिला हे सांगितलं, तो हल्ली गुणगुणतो हेही, तर म्हणाली, अगं वहिनी, दादा गुणगुणतोय ना, मग पाण्यातले देव बाहेर काढ आता. योगायोगाला काय घाबरायचं.

खरंच आहे. पण मला स्वस्थ बसवत नाही. शेडमधलं इंजिन थांबलं की हातातलं भांडं थांबतं, त्याची छाती आठवते. इंजिन सुरू झालं की त्याची बोटं आठवतात. दोन्हीकडून चैन नाही.

१९ ऑक्टोबर

आज भांडले. त्याने डावा दांडा दाबून तिथेच सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून बांधून टाकला आहे. आता एकट्या उजव्या हाताने पाचर उतरते, डावा हात ओंडका धरायला मोकळा. मी आईचं वाक्य सांगितलं. तुझ्या आईने लाकडं फोडली नव्हती, म्हणाला.

मग पाहिलं, पाचर उतरत होती आणि त्याचा पंजा तिच्यापासून बोटभर लांब. माझ्याच्याने बघवेना. म्हटलं, तू बाजूला उभा राहून नुसता उजवा दांडा दाब, ओंडका मी धरते. मला वाटलं होतं तो साफ नाही म्हणेल. म्हातारपणी पाठ चोळायला तुझे हात शाबूत हवेत, असं काहीतरी म्हणेल.

तो म्हणाला, बरं.

पट्टी जिथे गुंडाळली आहे तिथलं लोखंड झिजून गुळगुळीत झालंय. पट्टीच्याच रुंदीचं. आणि पट्टी तर त्याने आजच बांधली.

२४ ऑक्टोबर

रोज धरते. तो मान हलवतो, मी हात काढते, पाचर उतरते. सवय झाली. फक्त हल्ली मान हलवणं आणि पाचर उतरणं यांतलं अंतर कमी होत चाललंय.

आज त्याने मला चिमणे म्हणून हाक मारली. लग्नाला एवढी वर्षं झाली, लाडाचं नाव कधी ठेवलं नाही या माणसाने. मुकादमाची चिमणी, ही बढती की काय! वयाला न शोभेल अशी लाजले.

भुसा झाडताना दिसलं, मी उभी राहते त्या बाजूला, बैठकीच्या कडेला, अजून चार भोकं आहेत बुजवलेली. दोन इकडे, दोन तिकडे. त्यांत काय बसत असेल? त्याला सांगितलं नाही. आधी त्यावर मोळी ठेवली, मग वाटलं हा वेडेपणा आहे, मग तरीही ठेवलीच.

२७ ऑक्टोबर

पलीकडच्या घरात एक बाई शिवणकाम करते. पडदे आखूड करायला तिच्याकडे गेले. माप घेता घेता ती म्हणाली, तुमच्याकडे पुन्हा यंत्र सुरू झालं वाटतं. जुना मालक फोडायचा आणि त्याची बायको ओंडका धरायची, दिवस दिवस. नंतर ती दिसेनाशी झाली. मग एकदा तो तिचे सगळे कपडे घेऊन आला, बाह्या आखूड करायला. आधी मनगटाच्या वर. पुढच्या थंडीत परत आला, कोपराच्या वर. शिवणवाल्या बाईने विचारलं, कशा आहेत त्या? तर म्हणाला, मजेत आहे, आता एवढ्या लांब बाह्या तिला लागत नाहीत.

ती सुईत दोरा ओवत सांगत होती. पुढे सहज म्हणाली, प्रेम फार होतं हो त्याचं. इथपर्यंत हाक ऐकू यायची.

काय म्हणून हाक मारायचा, ते मी विचारलं. विचारायला नको होतं.

२९ ऑक्टोबर

मोळी बाजूला सरकवलेली. भोकं मोकळी, स्वच्छ, तेल घातलेली.

तो लोखंडाच्या पट्ट्या वाकवतोय. अर्धगोल. हे काय म्हटलं तर तेलाची नळी धरायच्या कड्या, म्हणाला. नळी अंगठ्याएवढी आहे. कडीत माझं मनगट बसलं. बसवून पाहिलं, तो पाणी प्यायला गेला तेव्हा.

आतून मऊ कापड चिकटवलंय. काचू नये म्हणून.

नळीला काय काचतं?

३० ऑक्टोबर

काल रात्री पट्टी कापली, शेगडीत टाकली. रबराचा वास घरभर झाला. सकाळी पट्टी दांड्यावर होती. नवी नव्हती. तीच, एका कडेने जळलेली.

धरायला जाणार नाही म्हणून सांगितलं. ठीक आहे, म्हणाला. चिमणे, तुझी जागा आहे ती, कुणी घेत नाही.

लाकूड छतापर्यंत रचून झालंय. चार हिवाळे पुरेल. तरी फोडतोय.

३१ ऑक्टोबर

पिशवी भरली. बस थांब्यापर्यंत गेले. बस आली, पाय पायरीवर ठेवला, आणि मागे इंजिन थांबलं. एकदम. काहीच आवाज नाही. त्याची छाती —

धावत परत आले, चप्पल कुठे गेली कळलं नाही. तो उभा होता. उजवा हात दांड्यावर, बैठकीवर ओंडका ठेवलेला, कलंडलेला. वाट बघत. चेहरा इतका प्रसन्न, इतका निरोगी. वर्षभर मी हाच चेहरा मागत होते.

नणंदेला फोन केला. म्हणाली, तुझंच काहीतरी बिनसलंय वहिनी, त्याचा आवाज तर किती छान लागतोय.

१ नोव्हेंबर

माझा करडा कोट खुंटीवर नाही.

दुपारी शिवणवाली बाई आली. कोट हातात. आत आली नाही, फाटकातच उभी. तुमचे मिस्टर देऊन गेले, म्हणाली, कापण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं. दोन्ही बाह्यांवर खडूची रेघ. मनगटाच्या जरा वर. रेघ तिने मारली नव्हती, तो घरूनच मारून घेऊन गेला होता.

चला माझ्याबरोबर, म्हणाली. आत्ता. अशाच.

नाही गेले. त्याला इथे कुणाच्या हाती सोडू? तो माझा आहे. आत कुठेतरी आहे. कुणीतरी त्याचे हात घालून फिरतंय, एवढंच.

एवढंच!

२ नोव्हेंबर

इंजिन लागलंय. कड्या बसल्या. दोन्ही उघड्या, माझ्या बाजूला वळलेल्या —

तोंडाने मागायला धीर होत नाही. इथे लिहिते, पान उघडं ठेवून येते. तू असशील तिथून वाच.

नाही म्हणशील, माहीत आहे. बरं म्हणणारा तू नव्हतास.

ऐक. पट्टी सोड. आज तू बादलीवर बस. तू मुकादम हो, मला चहा सांग, मला रागाव. ओंडका कलंडला तर कलंडू दे. दोन्ही दांडे मला दे. उजवा उजव्या हातात, डावा डाव्या. माझे दोन्ही हात वरच राहतील, दांड्यांवर, मग कुणाच्याच हातून —

हाक आली. चिमणे.

येते म्हटलं. पुन्हा आली. जवळून. इंजिन तिकडे चालूच आहे, ओंडका फुटल्याचा आवाजही येतोय, मग दांडा कोण —

एकदाच. एवढंच मागणं माझं. डावा दांडा आज माझ्या