आईचा तवा पाठवते आहे

प्रिय नोरीन,

खोकं उचलताना पाठीत उसण भरली, तर शिव्या मला घाल, पोस्टमनला नको. आत आईचा बिडाचा तवा आहे. हो, तोच, ज्याच्यावरून आई गेल्यावर आपण दोघी बहिणी वर्षभर एकमेकींशी बोललो नव्हतो. तो माझ्या हातून सुटला कसा, ते सांगते. पण आधी बातमी. मार्चअखेर मी खाली दक्षिणेत जॉर्जियाला जाते आहे, आणि तिथून डोंगराडोंगरातल्या त्या लांब पायवाटेने पार उत्तरेच्या टोकाला, मेनपर्यंत, पायी चालणार आहे. सगळी वाट. वेड लागलंय का, हे बऱ्याच जणांनी विचारून झालंय, तेव्हा तू दुसरं काहीतरी विचार.

शाळेच्या बसवरून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून मला झुलती खुर्ची दिली. तिच्यात बसलं की समोर रस्ता दिसतो, आणि रस्ता ओलांडून हीच मेनला जाणारी पायवाट रानात शिरते. इतकी वर्षं त्याच जागी बस थांबवून मी पाठीवर बिऱ्हाड घेतलेल्या माणसांना जाऊ दिलं. पोरं खिडकीतून हात हलवायची, ती माणसं हसायची, आणि मी ब्रेकवरचा पाय काढून पुढे निघायचे. खुर्चीत जेमतेम आठवडा टिकले बघ. माझा गॅरी म्हणतो, "आई, अगं टपालपेटीपर्यंत जायचं तरी तू गाडी काढतेस." पोराचं काही खोटं नाही. म्हणून हिवाळाभर पाठीवर बटाट्यांची पिशवी बांधून चर्चमागचा चढ चढते आहे. आधी जीव जायचा, आता नुसता घाम जातो. भीती वाटते. अस्वलांची कमी, गुडघ्यांची जास्त.

परवा डोंगर चालणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानातल्या मुलीने माझी पाठीवरची पिशवी काउंटरवर रिकामी करायला लावली. हे चालणारे लोक वजन कमी करायला दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा कापतात, आणि माझ्या पिशवीच्या तळातून निघाला आईचा तवा. तिने तो दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्हा दोघांपैकी मेनला एकच पोचेल."

हसत घरी आले, तवा टेबलावर ठेवला आणि तू आठवलीस. तुझा डेल वारल्यापासून फोन केला की तू 'बरी आहे' म्हणतेस. तुझ्या शेजारची पॅट मात्र सांगते की तू पडदेसुद्धा उघडत नाहीस, आणि ओट्याशी उभी राहून दुधात कॉर्नफ्लेक्स खातेस. डेलचे मित्र काहीतरी निमित्त काढून जेवायच्या वेळेला टपकायचे, ते तुझ्याच घरी ना? मला फार वाईट वाटतं, नोरीन. तू तिकडे पेनसिल्व्हेनियात, मी इकडे, आणि फोनवर काय बोलावं ते सुचत नाही.

म्हणून हे पत्र. वाटेवरच्या गावांतली पोस्टं चालणाऱ्यांची खाण्याची खोकी राखून ठेवतात, आणि खूप जणांच्या घरी ती पाठवणारं एक माणूस असतं. माझं ते माणूस तू हो. घेवडा, सफरचंदाच्या फोडी, तुझा तो टर्कीचा रस्सा; शिजव, वाळव, आणि दर आठवड्याला स्वतः पोस्टात नेऊन दे. गावागावांत दुकानं आहेत, मलाही विकत घेता येईल, खोटं कशाला बोलू? पण घेणार नाही. खोकं आलं नाही तर पोस्टाच्या पायरीवर उपाशी बसून राहीन, माझा हट्ट तुला ठाऊक आहे. जुलैत मी पेनसिल्व्हेनियात पोचेन, आणि तिथे वाट तुझ्या गावाखालच्या नदीवर उतरते. तेवढं खोकं मात्र पोस्टाने पाठवू नकोस. पुलापर्यंत तू चालत ये, आणि येताना आईच्या तव्यातला मक्याचा पाव आण. तो वाळवू नकोस, मला गरम हवा आहे.

पुलाच्या अलीकडे तुझी वाट बघत थांबणारी,
तुझीच,
मॅव्हिस