भाडेकरणीचं सोयर

मळा, बेळगाव
भाद्रपद वद्य चतुर्थी, सन १९३७

चि. जिनदत्त यास तुझ्या दाजीचे, म्हणजे बाळगोंडाचे, पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं, दोन्ही बैल आणि म्हैस जिनेश्वराच्या कृपेने बरे आहोत. तिकडे निपाणीत तू, सौ. ब्राह्मी, मुलं, तंबाखूचा भाव आणि तुझा गुडघा हे सगळं ठीक असावं. गुडघ्याला एरंडाचं पान बांधतोस ना, की नुसताच ब्राह्मीपुढे कण्हत बसतोस? तुझी आक्का विहिरीवर गेली आहे तोवर एक विचारून घेतो. तुझ्या माळ्यावरच्या त्या पाळण्यात ब्राह्मी अजून चिंच भरून ठेवते का? ठेवू दे. लोंढ्याच्या रानातलं सागवान आहे, चिंचेनं त्याचं काही वाकडं व्हायचं नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं. आली ती.

आता मूळ मुद्दा. तुझ्या आक्कापुढे मी हात टेकले आहेत. तू तिचा पाठचा भाऊ, तुझं ती ऐकते (निदान मान तरी हलवते, माझ्या वाट्याला तेवढंही नाही), तेव्हा एक दिवस सवड काढून सर्व्हिस मोटारीने ये आणि धंदा म्हणजे काय असतो ते तिला एकदा समजावून सांग. (मला शाळेपासून मोठ्याने म्हणत लिहायची खोड आहे हे तुला ठाऊकच आहे. त्यामुळे तुझी आक्का समोर शेंगा फोडत हे सगळं ऐकते आहे. ऐकू दे. मी काही चोरून लिहीत नाही.)

विहिरीशेजारच्या आपल्या कडब्याच्या दोन खोल्या तुला माहीत आहेत. मुंबईचे डॉक्टर हल्ली आजारातून उठलेल्या माणसाला बाटलीऐवजी बेळगावची हवा लिहून देतात, हे मला स्टेशनावर कळलं, आणि माझं डोकं चाललं. हवा आपल्याकडे आयती आहे, पाणी गोड आहे, कडबा काय बाहेर गंजी लावूनही राहतो. खोल्यांना चुना दिला, दोन बाजा टाकल्या, आणि हवापालटाला येणाऱ्या मंडळींना महिन्या-दोन महिन्यांच्या बोलीनं द्यायला लागलो. पहिल्या वर्षी पोटाच्या विकाराचे एक पेन्शनर आले. ते भाडेकरू म्हणून आले आणि तुझ्या आक्काचे मामा म्हणून गेले, ते सुद्धा माझ्या म्हशीच्या लोण्याचा डबा घेऊन. पुढच्या वर्षी एक मास्तरीणबाई आल्या, त्या भाची होऊन गेल्या. हवा मी भाड्याने द्यायची आणि नाती हिनं फुकट वाटायची, असा आमचा भागीतला धंदा.

म्हणून यंदा चैत्रात मी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली आणि खोलीच्या दारावर ठोकली. पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये. कांदा, लसूण, बटाटा आत आणू नये. सूर्यास्तानंतर या आवारात जेवू नये. (आपण जैन माणसं, आपल्या भिंतीआड दिवेलागणीनंतर कुणी घास घेतला तर आपल्यालाच गिळवत नाही.) खाली मोठ्या अक्षरात ‘मालकांच्या घरच्या मंडळींशी व्यवहाराचं बोलू नये’ हेही लिहून घेतलं होतं. त्या ओळीवर तुझ्या आक्काने दुसऱ्याच दिवशी शेणाची गोवरी थापली.

तेवढ्यात मारुतीराव आले. मुंबईच्या एका कचेरीत कारकून, मुदतीच्या तापातून उठलेले, अंगावर सदरा खुंटीला अडकवल्यागत लोंबतोय. बरोबर बायको शालू, वीस-बाविशीची पोर. माणूस इतका सरळ, की पाटी त्यानं दोनदा वाचली आणि शब्दाला शब्द पाळायची ठरवली. पण तापातून उठलेल्याची भूक ती, ऐन दिवेलागणीनंतर खवळायची. मग या दोघांनी काय करावं? कुंपणाबाहेर आपली बैलगाडी सोडलेली असते, ती आवारात मोडत नाही असा निकाल लावून दोघं गाडीत बसून जेवायला लागली. बैल नसले की गाडी पुढं वाकते. पहिल्या दिवशी आमटी सगळी जुवाकडे वाहत गेली आणि मारुतीराव तिच्यामागून. दुसऱ्या दिवशी आपल्या भरमाने (गडी माझा, पगार माझा) जुवाखाली दगड रचून गाडी सपाट करून दिली. मग बटाटेही गाडीतच राहायला गेले, कांदेही गेले. थोडक्यात खोल्यांबरोबर माझी गाडीही भाड्याने गेली आणि खताचे ढीग होते तिथंच राहिले.

मी म्हटलं, चला, नियम तर पाळला जातोय. पण तुझ्या आक्काला चैन पडेना. अंधारात ताटात पाखरू-किडा पडला तर जीव जाईल त्याचा, आणि पाप लागेल गाडीच्या मालकाला, असं तिनं काढलं आणि कंदील घेऊन गाडीपाशी उभी राहिली. आता कंदील म्हटल्यावर होती नव्हती तेवढी सगळी पाखरं तिथं गोळा. मग ती पदरानं वारा घालायची, आणि दोन हातांत दोन कामं होईनात म्हणून कंदील धरायला मला हाक. जिनदत्ता, सूर्यास्तानंतर जेवू नये ही पाटी ज्यानं पैसे देऊन रंगवून घेतली, तो इसम दोन महिने रोज संध्याकाळी, लोक बटाट्याची भाजी खाताना त्यांना नीट दिसावं म्हणून कंदील धरून उभा होता. रस्त्यानं जाणारे विचारायचे, पाटील, वरात कुणाची? मी कंदील या हातातून त्या हातात घ्यायचो.

शालूचं सांगायचं तर पोर गुणी. आई लहानपणीच गेली, मामानं वाढवलं, लग्न लावून दिलं आणि तोही गेला. मुंबईत एका खोलीचा संसार. आपल्याकडे येऊन कन्नड एवढंच शिकली, “ऊट आतेन्री?” जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ, पण ती ते दिवसभर दिसेल त्याला विचारायची. पोस्टमनाला विचारायची, बैलांनाही विचारायची. मला तर मी जेवत असतानाच विचारायची. (शेंगा फोडणं थांबलं आहे. ऐकते आहे.)

निघायच्या दिवशी मारुतीरावांनी भाडं पाकिटात घालून माझ्या हाती दिलं. मी ते कोनाड्यात ठेवलं आणि बैल जुंपायला सांगायला गेलो. परत येतो तो तुझ्या आक्काने शालूची ओटी भरलेली. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, आणि वर माझं पाकीट. मी कपाळावर हात मारला. त्या पोरीला पाकीट मुंबईला गेल्यावर ओटी सोडताना सापडलं, तिनं बिचारीनं मनिऑर्डर केली, तर तुझ्या आक्काने पोस्टमनाला सांगितलं, या नावाचं इथं कुणी राहत न्हाय. मी मागच्या दारी दाढी करत होतो रे.

आता ऐक, खरी गोष्ट इथून सुरू होते. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत खोल्या घ्यायला मुंबईचे एक शेठजी तयार झाले. गुजराती, पण आपल्यासारखेच जैन. कांदा नाही, बटाटा नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण. माझी पाटी ज्याला वाचायचीही गरज नाही असा भाडेकरू मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. त्यांनी इसार पाठवला, मी घेतला. आणि त्याच आठवड्यात शालूचं पत्र. तिला पौषात बाळ व्हायचं आहे. (हवा दोघांनाही मानवली म्हणायची.) मुंबईत करायला कुणी नाही, तर कार्तिकापासून खोल्या मिळतील का, आणि भाडं काय पडेल, असं विचारलं होतं. शेवटी, ऊट आतेन्री.

पत्र मीच वाचून दाखवलं. तुझी आक्का बाळाच्या बातमीनं फुलली आणि भाड्याच्या वाक्यावर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “भाडं पुसलं तिनं. म्हायेराला कोण भाडं पुसतं?” मग मी शेठजींचं सांगितलं. शब्द दिलाय, इसार घेतलाय, धंद्यात शब्दाला किंमत असते, वगैरे सगळं नीट समजावलं. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोललेली नाही. जेवण वेळेवर, भाकरी गरम, आणि तोंड बंद. दोन्ही खोल्या खरवडून सारवून काढल्या. डिंक आणला, हळीव निवडले. परवा जुन्या लुगड्याची मऊ दुपटी शिवत बसली होती, शेजारी एवढीशी कुंची. मी विचारलं, हे कुणासाठी? मान वर न करता म्हणाली, “शेठजींसाठी.”

(ती आता म्हशीला वैरण घालायला गेली आहे. तेवढ्यात हे मनातल्या मनात म्हणत लिहून घेतो.)

त्याआधी, गेल्या आठवड्यात, ती बस्तीत जिनेश्वराच्या दर्शनाला जाऊन उपाध्यांना विचारून आली. मूल जन्मलं की घरच्यांना सोयर लागतं, तितके दिवस बस्तीत पाऊल टाकायचं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तिनं विचारलं, आमच्या मळ्यात अशी अशी पोर बाळंत झाली तर आम्हाला सोयर किती? उपाध्ये म्हणाले, लेक माहेरी बाळंत झाली असती तर तीन दिवस. भाडेकरणीचं तुम्हाला काही नाही, खुशाल दर्शनाला या. दुसरी एखादी सुटलो म्हणून घरी आली असती. ही आली ती डोळे पुसत आली. त्या दिवशी माझ्याशी बोलली ती एवढंच: “उपाध्ये काय बी म्हणू देत. मी तीन दिस धरणार. बस्तीची पायरी चढणार न्हाय.”

जिनदत्ता, आमच्या घरात सुतकं आली, सोयर कधी आलं नाही. तो पाळणा मी करून घेतला त्या वर्षीही आलं नाही. लोक सोयराला अडचण म्हणतात, आणि ही ते मागायला बस्तीत गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही. तुला सांगायला लाज कसली, उशी भिजली.

(आली.) तर सारांश असा, की शब्द म्हणजे शब्द आणि धंदा म्हणजे धंदा. बाळंतपणं करायला मी काही धर्मशाळा उघडलेली नाही. शेठजी येणार म्हणजे येणारच. तू ताबडतोब ये आणि आपल्या बहिणीला चार शब्द सांग. ब्राह्मीला आशीर्वाद, मुलांचे गालगुच्चे घे, गुडघ्याला जप.

तुझा त्रासलेला दाजी,
बाळगोंडा

ता. क. हे पोस्टात टाकायला आलो आहे आणि पोस्टाच्या ओट्यावर बसून लिहितो आहे, इथं तुझी आक्का नाही. शेठजींचा इसार मी शालूचं पत्र आलं त्याच दिवशी मनिऑर्डरीने परत केला, खोल्या घरच्या बाळंतपणाला लागणार आहेत म्हणून कळवलं. शालूलाही लिहिलं, की कार्तिकात निघून ये, आणि भाड्याचं पुन्हा विचारलंस तर बैलगाडीत राहावं लागेल. खाली सही करताना ‘बाळगोंडा’ लिहायला गेलो आणि ‘आप्पा’ लिहून बसलो. खोडलं नाही. तुझ्या आक्काला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायला गेलो की बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून मीच बाहेर पडतो. शिवाय रागाच्या भरात ती घर इतकं झकास सारवते आहे की थांबवायला जीव होत नाही.

ता. क. दुसरा. निपाणीच्या बस्तीतले उपाध्ये तुझे स्नेही आहेत. त्यांना नीट विचार, की जिची ओटी आपण भरली, जिला आपण लेक म्हटलं, तिचं सोयर आपल्याला लागतं की नाही. लागतं असंच उत्तर घेऊन ये. तीन दिवस म्हणाले तर तीन, जास्त म्हणाले तर जास्त. आम्ही दोघंही धरू.

ता. क. तिसरा, आणि याचसाठी सगळं पत्र लिहिलं. येताना माळ्यावरचा पाळणा आण. चिंच काढ, ब्राह्मीकडून स्वच्छ धुऊन घे, दोर नवा लाव. तुझ्या आक्काच्या नजरेला पडू नये म्हणून त्या वर्षी तू तो घोंगडं टाकून मागच्या दारानं नेलास. आता मोटारीच्या टपावर उघडाच बांध, आणि पुढच्या दारानं, भर दुपारी, तिच्यासमोर आत आण.