वाटी बुडायच्या आधी

मास्तर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात होऊ घातलेल्या मास्तरांना गाणं कसं शिकवावं ते शिकवतो आणि कॉलेजचा बँड चालवतो. आज एकाने माझी काठी खाली यायच्या आधीच झांज वाजवली. मी त्याला असं फैलावर घेतलं की सगळे खाली बघत राहिले. "वेळ पाळता येत नाही त्याने बँडात उभं राहू नये," असं म्हणालो. हे मी म्हणालो, म्हणजे बघा! घरी आलो तो पाटावर न बसता हे लिहायला बसलो.

ओझरचं ते पाटलाघरचं लग्न. पलटणीतून पेन्शनीत निघाल्यावर तुम्ही जुन्नरात बँड उभा केलात. मी तिथल्याच शाळेतला मास्तर, सुट्टीला तुमच्याकडे क्लॅरिनेट वाजवणारा. त्या सकाळी बैलगाडीत तुम्ही आपली शिसवी काठी माझ्या हातात दिलीत. "आज तूच वाजवून घे, मी कॉर्नेट धरतो. पर कानावर जाऊ नगंस. दर मंगलाष्टकाला 'सावधान' व्हतं. जोशीबुवांचा हात वर गेला, की मंगच काठी खाली." मांडव गच्च भरलेला आहे. जोशीबुवा, तुमचे जिवलग, पाण्याच्या घंगाळाशी बसलेत. त्यात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी तरंगते आहे. ती भरून बुडाली की मुहूर्त. एक मंगलाष्टक संपतं, दुसरं, तिसरं. माझा हात वर. चौथ्याचं 'सावधान' होतं आणि माझी काठी खाली येते. ढोल कडाडतो, धरणारे अंतरपाट सोडतात, माळा पडतात, आणि जोशीबुवा दोन्ही हात हलवत ओरडतायत, "थांबा, थांबा!" वाटी अजून तरंगत होती.

पाटील वळायच्या आत तुम्ही काठी माझ्या हातातून हिसकावलीत.

"कुणी वाजवला रं?"

"म्या, पाटील. काठी माज्या हातात हाय. चूक माजी."

"आन् माज्या पोरीचं काय वंगाळ झालं तर, मास्तर?"

तुम्ही मान खाली घातलीत. मी तुमच्या शेजारी उभा होतो आणि गप्प होतो. परतीच्या वाटेवर तुम्ही एवढंच विचारलंत, "बुवांचा हात वर गेला व्हता का?" मी म्हणालो, "गेला होता."

वर्षाच्या आत तो नवरदेव प्लेगात गेला. प्लेगाने त्या साली घरंच्या घरं धुऊन नेली, पण लोकांनी बोट ठेवलं ते बँडावर. पुन्हा कुणी तुम्हाला लग्नाची सुपारी दिली नाही. तरी माझ्या कॉलेजच्या अर्जाला चिठ्ठी तुमचीच: 'याचा हात वेळेला चुकत नाही.' ती मी साहेबापुढे ठेवली आणि नोकरी घेतली. दर चतुर्थीला ओझरच्या गणपतीला जाऊन तुम्ही जोशीबुवांच्या ओट्यावर बसायचात, ते मात्र त्या लग्नानंतर बंद झालं. का बसत नाही, ते तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला अग्नी देऊन कुकडीच्या काठावरून परतताना त्यांनी मला गाठलं. "मास्तर माझ्याशी का बोलेनासे झाले, तुम्हाला काही ठाऊक आहे का हो?" म्हातारा माणूस हात जोडून विचारत होता. मी म्हणालो, "नाही."

त्यांचा हात वर गेला नव्हता, मास्तर. निदान मी पाहिला नव्हता, कारण मी तिकडे बघतच नव्हतो. बँडाच्या कोटाच्या जरीच्या बाहीत माझा हात कसा दिसतो, ते बघत होतो. मला फार लाज वाटते.

जोशीबुवा अजून आहेत, ओझरलाच, ऐंशीच्या घरात. हे खरं तर त्यांना लिहायला हवं. पण त्यांना कार्ड टाकलं, तर ते परवा पोचेल; तुमचं कुठंच पोचायचं नाही. म्हणून तर तुम्हाला लिहितोय.