तासाभराने चहा

अहो,

चिडीचूप घरात गजर वाजला आणि आज तुमच्याआधी मी उठले. फ्रिजवर रिपोर्ट लावलाय: थायरॉइड आटोक्यात आलाय. मला आळशी म्हणणाऱ्या वन्संना जरूर दाखवा.

तुम्ही मायेने चहासोबत गोळी द्यायचात, तिथेच घोडं पेंड खात होतं. डॉक्टरांनी सांगितल्यापासून दोन महिने मी ती उपाशीपोटी पाण्याने घेते आणि तुमचा चहा तासाभराने गार पिते. तुमचं मन मोडवेना. गोळी जन्मभराची आहे, तेव्हा उद्यापासून चहाच उशिरा आणा.

मी बेकरीत पुन्हा कामावर निघालेय. पिल्लूला सांगितलं, आईच्या शरीराचे पहारेकरी चुकून तिच्याच गळ्यातल्या ग्रंथीवर धावून जातात. ती दारात अडवून विचारतेय, "मग ती आपलीच आहे, हे त्यांना कोण सांगणार?"