पानी गोड हाय

६ फेब्रुवारी २००३, गुरुवार

१. उमेळ्याला लुईस सरांचं वाडीतलं घर मोजलं. सातवीच्या पुस्तकात त्यांनी लिहिलेला धडा होता. सर गेले, घर आता स्मारक समितीकडे, दुरुस्तीचे आराखडे आमच्या माणिकपूरच्या ऑफिसकडे.
२. घर ठीक. विहिरीच्या कठड्याला आरपार तडा.
३. तड्याशेजारी, सिमेंट ओलं असताना खिळ्याने कोरलेलं: पानी गोड हाय.
४. मी उतरवून घेतलं: पाणी गोड आहे.

चौथं ऑफिसात आल्यावर लक्षात आलं. पॉलिटेक्निकच्या पहिल्या तोंडी परीक्षेत मी 'पानी आणि सिमेंटचं प्रमाण' म्हणाले होते. बाहेर उभी मुलंसुद्धा हसली. तेव्हापासून हात आपोआप दुरुस्ती करतो. 'ण' खोडला, 'न' लिहिला; 'आहे' खोडलं, 'हाय' लिहिलं.

७ फेब्रुवारी

समितीचे एरॉलसर भेटले — सरांचे पुतणे. म्हणाले, "खरं तर कठडा पाडून नवाच बांधला असता. पण काकांचं अक्षर आहे. मुद्दाम 'न' लिहिलाय, बोलीच्या अभिमानानं." पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनाही हेच सांगत होते. पाहुण्यांनी फोटो काढले.

९ फेब्रुवारी, रविवार

आई म्हणाली, "तुजं काम बघाला येते." नेलं. सरांची खुर्ची, चष्मा, पुस्तकं — सगळं हात मागे बांधून पाहिलं. विहिरीपाशी एरॉलसरांनी अभिमानाची गोष्ट सांगितली. आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, खोकला.

रिक्षात बसल्यावर कळलं, हसत होती.

"सरांचं नाय ते. माजं हाय."

कठडा आजोबांनी बांधला — ते गवंडी, हे मला माहीत होतं. कुठे कुठे काम केलं, ते नव्हतं. आई जूचंद्रहून त्यांची भाकरी घेऊन आली होती. तेव्हा ती चौथीत होती.

"आमच्या विहिरीचं पानी खारं. इथलं पिले नि खिला घेतला. बाबा थापी घेऊन पुसाला धावला. सर बोलले, राहू दे, खरं लिहिलंय पोरीनं."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुज्या एरॉलनं उद्याच पाडला असता. सरांचं नाव हाय म्हनून उभा हाय तो."

रिक्षावाला आरशातून बघत होता.

१० फेब्रुवारी

मला आधीच कळायला हवं होतं. सरांचा जन्म त्या वाडीतला, सगळी हयात त्या विहिरीवर गेली. ज्याच्या दारात पाणी गोड, तो ते कशाला लिहून ठेवेल? खारं पाणी पिणाऱ्यालाच त्याचं नवल.

ऑफिसात जेवताना शेजारच्या टेबलावरच्या वेदांतकडे बाटली मागितली. "पानी दे."

"काय?"

"पानी."

त्याने दिली. हसला नाही. हसला असता तरी चाललं असतं.

१२ फेब्रुवारी

आराखड्यावर कठड्याजवळ 'सरांचे हस्ताक्षर' अशी टीप घाला, असं साहेब म्हणाले. खोटं माप मी कधी घातलेलं नाही. हेही मापच. आणि टीप घातली नाही तर कठडा जाईल.

रात्री आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"पाडला तर पाडला. चाळीस वर्सं उभा होता, थोडं झालं?" मग एक खडा बाजूला टाकून, "लिवलंस तर नाव नीट लिव माजं."

"लिहीन."

"जयवंतीत ण नाय. चुकनार नाय तू."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आराखडा दिला. साहेबांनी टीप दोनदा वाचली. मग समितीकडे पाठवली. इथे उतरवून ठेवते:

'तडा भरून कठडा आहे त्याच जागी राखता येईल. कोरलेली अक्षरे लुईस सरांची नाहीत. हा कठडा बांधणाऱ्या गवंड्याची मुलगी जयवंती, जूचंद्र, हिची आहेत. सरांनी ती पुसू दिली नाहीत. जयवंती माझी आई. फलकावर तिचे नाव असावे. कठडा पाडायचाच असेल तर आराखड्यावर दुसऱ्याची सही घ्यावी. समितीने शुक्रवार, २१ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.'