मनाला लागलेल्या ओळीवर बोट

बाबा, मी खटला हरले. टाकानिनीतल्या आमच्या नव्या घरामागचा उतार धरून ठेवणारी भिंत खचली आणि पाणी आत आलं. लेकीच्या खोलीला अजून बुरशीचा वास येतो. भिंतीमागे पाण्याचा निचरा करून देतो, असं बिल्डरच्या माणसाने अंगणात उभं राहून मला सांगितलं होतं. हायकोर्टात तो म्हणाला, असं मी बोललोच नाही, आणि न्यायाधीशांनी त्याचं ऐकलं. आता वेलिंग्टनच्या अपील कोर्टात जायचं, तर शुक्रवारपर्यंत नोटीस दाखल करायची, तिची प्रत बिल्डरला पोचवायची. त्या नोटिशीत निकालाचा कुठला भाग चुकला आणि का, हे लिहावं लागतं. नवरा म्हणतो, “अगं, फाइल करून मोकळी हो. हीप्स लोक, अगदी ढिगाने, अपील करतात.” लेक म्हणते, “मम, यू आर राइट, दे आर राँग. सिंपल.” सिंपल असतं तर काय हवं होतं!

अपिलासाठी आलेल्या पक्षकाराला तुम्ही वकिलीच्या ऑफिसात नाही, घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवायचात आणि अख्खा निकाल मोठ्याने वाचायला लावायचात. आई पोहे परतते आहे, एक बाई डोळे पुसत वाचते आहे. तुम्ही म्हणता, “आता न्यायाधीश चुकले त्या ओळीवर बोट ठेवा. मनाला लागली त्या ओळीवर नाही.” आई बशी आपटते. “आधी खाऊ द्या हो तिला!” मला तुमचा भयंकर राग आला होता.

काल मी तेच केलं. नवऱ्याने टीव्ही बंद केला, मी वाचत गेले. बोट दरवेळी एकाच ओळीवर अडलं: वादीच्या आठवणीवर विसंबता येत नाही. साक्षीदाराला समोर पाहून कोणाचं खरं मानायचं ते खालच्या कोर्टाने ठरवलं, की वरचं कोर्ट सहसा त्यात हात घालत नाही, हे तुमचंच सांगणं. बाकी निकालात मला चूक सापडत नाही. आणि तो माणूस खोटं बोलला, हेही तितकंच खरं आहे.

नोटीस कोरीच आहे. हे मात्र भराभर लिहून झालं, आणि हे कुठे पाठवायचंही नाही. कबूल करते, मला आता भिंतीचंही फारसं पडलेलं नाही. ही बाई खरं बोलते आहे, असं कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठीच वेलिंग्टनला जायचं मनात आहे. माझं बोट पाहून तुम्ही मला अपील करू दिलं नसतंत, ठाऊक आहे. पण तुम्ही तरी माझं खरं मानलं असतंत ना, बाबा?