स्कर्ट नको, होडी द्या

६ ऑक्टोबर
नेपाळला जायचं ठरलं. पक्कं. सून अक्षताच्या ऑफिसातले लोक तिथल्या नदीत कयाक चालवायला चाललेत. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. एक जण गळाला, त्याची जागा मी घेतली. अक्षता म्हणाली, आई, तिथं पाणी फार जोरात असतं. मी म्हटलं, माझ्या बापाची होडी होती, मला पाणी शिकवू नकोस. कामोठ्यात बारा वर्षं झाली. दोन खोल्या आणि समोरच्या बिल्डिंगचे पाइप, एवढंच बघते. आता बास.

९ ऑक्टोबर
पासपोर्ट लागत नाही, मतदार कार्ड चालतं. फोटोत चोरासारखी दिसते. असू दे.
खरं टेन्शन आमच्या ह्यांचं. रिटायर झाल्यापासून खुर्चीला चिकटलेत. गोळीसुद्धा हातात द्यावी लागते. मी नसताना काढणार कसे? सांगितलं तर म्हणाले, "जा की." तोंडावर बोलतात. आतून हादरलेत.

११ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून व्यायाम. जिन्यानं पाचवा मजला. दुसऱ्यावर सुनीती भेटली. भिशीत सगळ्या बायकांना नेपाळचं सांगून ठेवलंय, तिनं विचारलंच. तास गेला. उद्यापासून.

१४ ऑक्टोबर
सामान तिथंच भाड्यानं मिळतं. अक्षतानं यादी पाठवली, आपल्या दोघींचं बघून पुढे नेपाळवाल्यांना धाडा म्हणाली. होडी, वल्हं, हेल्मेट, लाइफ जॅकेट, स्कर्ट.
स्कर्ट! बावन्न वर्षांची बाई मी. आणि सुनेचं काय? आमचा प्रितम तिकडे जहाजावर नोकरीला, आणि हिनं नेपाळात स्कर्ट घालून फिरायचं? कळवून टाकलं, आम्हा दोघींना स्कर्ट नको, पंजाबी ड्रेस घरून आणतो. अक्षताला बोलले नाही. घरात एक तरी डोकं जाग्यावर पाहिजे.

२५ ऑक्टोबर
व्यायाम राहिला. दिवाळीत कोण जिने चढतं? चकल्या तळणं पण मेहनतच.

१ नोव्हेंबर
नेरुळला स्विमिंग पूलवर प्रॅक्टिस. ह्यांना पिशव्या धरायला नेलं. शिकवणाऱ्या सरांनी रबराचं काहीतरी घेरदार काढलं. कमरेला घालायचं, घेर होडीच्या तोंडावर ताणून बसवायचा, म्हणजे आत पाणी येत नाही. म्हणाले, हा स्कर्ट. अक्षता माझ्याकडे बघायला लागली. तिला नेपाळवाल्यांचा मेसेज आला होता म्हणे, मॅडम, पंजाबी ड्रेसनं होडी बंद होत नाही. सगळे हसले. मी म्हटलं, मग सरळ ताडपत्री म्हणा ना.
होडीत बसले. बसले ती बसलेच. सर म्हणाले बाहेर या, तर कंबर निघेना. काठाला ओढलं, ऑफिसातल्या चौघींनी खांदे धरले, साबण लावला. पाऊण तास. आत पाय हलेनात. कोण काय बोलतंय ऐकू येईना. बापाच्या होडीत मला कधी बसूच दिलं नव्हतं. पोरींनी काठावर मासळी निवडायची. हे तेव्हा आठवलं.
बाहेर आल्यावर म्हटलं, भाड्याच्या वस्तूंची मापं अशीच असतात.
मी सुटल्यावर हे त्याच होडीत बसले. सर म्हणाले उलटा, तर उलटले, आणि सुटून हसत वर आले. जासईच्या खाडीत वाढलेला माणूस. सर म्हणाले, काका, तुम्ही चलाच.

३ नोव्हेंबर
गुडघा दुखतोय. परवापर्यंत दुखत नव्हता, असं ह्यांचं म्हणणं. तिकिटं काढायची बाकी होती, म्हणून मीच ह्यांना पाठवायचं ठरवलं. हळूच म्हणाले, "अगं, तू पण चल. नुसतं बघायला."
काठावर बसायला नेपाळला कशाला जाऊ?

१५ नोव्हेंबर
नेपाळहून अक्षताचा फोन आला. हे गोळ्या वेळेवर घेतात म्हणे. होडी दोनदा उलटली, दोनदा आपले आपण बाहेर आले. थापा असतील.
घरात कुणी नाही. अडवायलाही कुणी नाही. दुपारी चपला घातल्या, म्हटलं आपण पण जाऊ कुठेतरी. गेटपर्यंत गेले. वॉचमननं विचारलं, काकी, कुठे निघालात?
गेटातूनच मागे वळले.
वर आले. दूध बाहेर राहिलं होतं, म्हणून.